आधी फॉर्मॅट मारू नका

बारावीनंतर तीन वर्षं मी येवल्यात विंचूर चौफुलीजवळ एका कम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात काम केलं. त्या तीन वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेलं वाक्य म्हणजे, ‘फॉर्मॅट मारून देऊ का?’

पीसी हळू चालतो? फॉर्मॅट. ब्राउझर उघडला की रमीच्या जाहिराती येतात? फॉर्मॅट. पैठणीच्या डिझाइनच्या फायली उघडत नाहीत? फायली डी ड्राइव्हला टाकायच्या आणि सी फॉर्मॅट. गिऱ्हाईक बाजारातलं काम उरकून येईपर्यंत विंडोज नव्याने पडलेलं असायचं, वर ऑफिस, मराठी फॉन्ट आणि एक अँटिव्हायरस. साडेतीनशे रुपये. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, मी खूश. दिवसाला असे तीन-चार पीसी मी ‘साफ’ करायचो.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आपल्या पीसीत कुणीतरी हेर बसवलाय असा संशय आला की लगेच फॉर्मॅट मारायची आपली सवय हेर सोडून बाकी सगळ्यांचं नुकसान करते, असं माझं म्हणणं आहे. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. एका बाईचं नुकसान करून शिकलो.

*

२०१९चा पावसाळा. सासर सोडून माहेरी येवल्याला परत आलेली एक ताई दुकानात आली. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. लॅपटॉप तिच्या नवऱ्याने घेऊन दिलेला. ओढणीत गुंडाळून आणला होता. म्हणाली, ‘‘दादा, मी यात जे लिहिते ते त्याला कळतं. वकिलांना द्यायचं निवेदन मी फक्त टाइप करून ठेवलं होतं, कुणाला पाठवलं नव्हतं. रात्री त्याचा फोन, की तिसऱ्या परिच्छेदातलं ते वाक्य काढ.’’

मी टास्क मॅनेजर उघडला. स्टार्टअपच्या यादीत विंडोजचंच वाटावं अशा नावाचा एक प्रोग्राम होता, पण तो जिथून चालत होता ते फोल्डर विंडोजचं नव्हतं. फाइल कधी पडली ती तारीखही मी पाहिली. साधारण वर्षभरापूर्वीची होती. ताई म्हणाली, त्याच सुमारास त्याने ‘अपडेट मारतो’ म्हणून लॅपटॉप दोन दिवस स्वतःकडे ठेवला होता.

मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. चोर सापडला होता. मग मी काय केलं? जे रोज करायचो तेच. तासाभरात लॅपटॉप कोरा करकरीत. तिने साडेतीनशे दिले, मी पन्नास परत केले. एवढा मोठेपणा.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. त्याला अजूनही तिच्या मेल कळत होत्या. आणि तिच्या सासरच्या गावी तक्रार लिहून घेणाऱ्याने तिला विचारलं होतं, ‘‘लॅपटॉपमध्ये काय होतं? दाखवा.’’ दाखवायला काही उरलंच नव्हतं. मी लेखी द्यायला तयार झालो, पण काय लिहिणार? प्रोग्रामचं पूर्ण नाव आठवेना. फोल्डर आठवेना. तारीख आठवेना. स्क्रीनचा एक साधा फोटो काढायचं मला सुचलं नव्हतं.

ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘तुम्ही तर साफ करून दिलं होतं ना, दादा?’’

पुढे तिने ती तक्रार सोडून दिली. बाईच्या इंटरनेटच्या, ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा ‘पाठलाग’ या गुन्ह्याचाच प्रकार आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा ते भारतीय दंड विधानाच्या ३५४-ड कलमात होतं, २०१३च्या दुरुस्तीनंतर आलेलं. आता भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा होता, गुन्हा होता, पुरावाही होता. पुरावा मी पुसला.

*

यात माझी खरी चूक कोणती? मी त्या प्रोग्रामला घाण समजलो.

आपली भाषाच तशी आहे. पीसीला व्हायरस ‘लागतो’. तो ‘साफ’ करायचा असतो. लागण झाली म्हणजे तुम्हीच काहीतरी वेडंवाकडं केलं असणार, नको त्या साइटवर गेला असणार. म्हणून गिऱ्हाईक दबक्या आवाजात बोलतं आणि दुकानदार मिश्कील हसतो. घाण म्हटलं की ती कुणी टाकली हे विचारायचं नसतं, पुसून मोकळं व्हायचं असतं.

पण स्पायवेअर घाणीसारखं वागत नाही. घरात चोर शिरला तर काहीतरी जातं. हेर शिरला तर काहीच जात नाही. सगळं जागच्या जागी असतं, कारण तुम्ही रोजच्यासारखं वागत राहावं हीच त्याची गरज असते. पीसी बंद पडावा असं त्याला मुळीच वाटत नाही. तो कुणीतरी, कधीतरी, काहीतरी हेतूने बसवलेला असतो. कोण, कधी आणि कशासाठी, ही तिन्ही उत्तरं त्याच डिस्कवर असतात. फॉर्मॅट मारताना आपण सगळ्यात आधी तीच घालवतो.

आमच्या गावात पैठणी घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक पदर उलटा करून बघतं. हातमागाची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी. उलट्या बाजूला धागे लोंबत असतील तर यंत्रावरची. कारागिराची चूक झाली तर तो चुकीपर्यंत मागे उसवत जातो, धागा कुठे चुकला ते बघतो आणि तिथून पुन्हा विणतो. सगळा ताणा कापून टाकत नाही. हे बघत लहानाचा मोठा झालेला मुलगा दुकानात आला की ताणाच कापत होता.

*

या चुकीचा पुरता अर्थ मला फेब्रुवारी २०२१मध्ये कळला, आणि तोही एका बातमीतून. त्या बातमीचा येवल्याशी किंवा नवरा-बायकोच्या भांडणाशी काही संबंध नव्हता. ती एल्गार परिषद खटल्याची होती.

३१ डिसेंबर २०१७ला पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला हिंसाचार झाला. १७ एप्रिल २०१८ला पुणे पोलिसांनी दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी झडती घेऊन त्यांचा लॅपटॉप जप्त केला आणि जूनमध्ये त्यांना अटक केली. त्या लॅपटॉपवर सापडलेली पत्रं हा खटल्यातला मोठा आधार होता.

पुढे त्या हार्डडिस्कची प्रत बचाव पक्षाला मिळाली आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीने ती तपासली. त्यांचा अहवाल असा : १३ जून २०१६ला वरवरा राव यांचं ईमेल खातं वापरणाऱ्या कुणीतरी विल्सन यांना एक फाइल उघडायला सांगितली. त्यातून नेटवायर नावाचं स्पायवेअर आत शिरलं. त्यानंतर जप्तीपर्यंत, म्हणजे बावीस महिने, बाहेरचा माणूस त्या लॅपटॉपमध्ये ये-जा करत होता. वादग्रस्त पत्रं त्यानेच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूणही सापडली नाही.

हे कळलं कसं? यातला एक धागा दुकानात बसणाऱ्या कुठल्याही पोराला समजेल असा आहे. ती पत्रं वर्ड २०१० किंवा २०१३मधून पीडीएफ केलेली होती, आणि विल्सन यांच्या लॅपटॉपवर होतं वर्ड २००७. त्या मशिनवर जे बनूच शकत नव्हतं ते त्या मशिनवर होतं.

राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. सरकारी तपासणीत मालवेअर आढळलं नाही, असं तिने तेव्हाच सांगितलं. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी २०२५मध्ये, साडेसहा वर्षांनंतर. कोण दोषी आणि कोण निर्दोष हे न्यायालय ठरवेल, मी नाही. मी फक्त एका गोष्टीकडे बोट दाखवतो : हा वाद होऊ शकला, कारण डिस्क शाबूत होती. जप्तीच्या आदल्या महिन्यात विल्सन यांचा लॅपटॉप हळू चालतोय म्हणून माझ्यासारख्या कुणी साडेतीनशे रुपयांत ‘साफ’ करून दिला असता, तर लपलेली पत्रं कदाचित गेली असती. पण ती कुणी आणली हे कधीच कळलं नसतं, आणि त्याच माणसाला नवी पत्रं आणून ठेवायला कोरी पाटी मिळाली असती.

याच खटल्यातले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ला कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्या कम्प्युटरचा आर्सेनलचा अहवाल डिसेंबर २०२२मध्ये आला. १२ जून २०१९ला त्यांचा कम्प्युटर जप्त झाला. अहवाल म्हणतो, त्याच्या आदल्या दिवशी घुसखोराने आपल्या खुणा पुसायला सुरुवात केली होती.

हे वाक्य वाचून मी थांबलो. साफसफाईची घाई कुणाला होती? हेराला. आणि मी तीच सेवा काउंटरवर बसून देत होतो, दर माणशी साडेतीनशे.

*

आता लोक काय म्हणतात ते घेऊ.

‘आम्ही काय कार्यकर्ते आहोत? आमच्यामागे कोण लागणार?’ पेगासससारखं हत्यार फक्त सरकारांना विकलं जातं, हे ती कंपनीच सांगते. पण नेटवायर कुणीही पैसे भरून घेऊ शकत होता. वर्षानुवर्षं ते वेबसाइटवर राजरोस विकलं जात होतं. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती साइट ताब्यात घेतली. त्या ताईच्या नवऱ्यामागे कुठलं सरकार नव्हतं. त्याच्याकडे दोन दिवस लॅपटॉप होता, तेवढं पुरलं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’ विल्सन यांच्या डिस्कबद्दलचा अहवाल हेर काय घेऊन गेला याबद्दल कमी आणि काय ठेवून गेला याबद्दल जास्त आहे. तुमच्याकडे लपवण्यासारखं काही नसेल तर ती जागा रिकामी आहे, एवढंच.

‘अँटिव्हायरस आहे की.’ असू द्या. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून क्विक हील उभी केली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण कुठलाही अँटिव्हायरस मालकाची आज्ञा पाळतो. लॅपटॉप ज्याच्या हातात आहे तो अँटिव्हायरसला सांगू शकतो, की या फोल्डरकडे बघू नकोस. आणि आमच्या दुकानात काय चालायचं तेही ऐका. विंडोज चोरीचं, म्हणून ते चालू करायला अ‍ॅक्टिव्हेटर लागायचा. तो टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्याच्याबरोबरच यायची. मी बंद करायचो. म्हणजे हेर काढायला आलेल्या माणसाच्या पीसीचं दार मी उघडं टाकायचो आणि कुणी बनवलाय हे माहीत नसलेला प्रोग्राम सगळ्या अधिकारांसह आत सोडायचो. त्यालाच ‘साफ’ म्हणायचो.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे : पुन्हा कोरं विंडोज टाकणं हाच स्पायवेअर काढायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. बरोबर. एकेक फाइल शोधून उडवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि नुसत्या जाहिरातींचा त्रास असेल तर पुरावा जपत बसायची काही गरज नाही. माझं भांडण फॉर्मॅटशी नाही, ‘आधी’ फॉर्मॅट मारण्याशी आहे.

*

मग आधी काय करायचं? हे तुम्ही बहुधा फोनवर वाचताय. ठीकच आहे, कारण पहिली गोष्ट तीच : संशय ज्या पीसीवर आहे त्यावर या विषयाचं काहीही शोधू नका, लिहू नका. तुम्हाला कळलंय हे त्याला कळेल. पाळत ठेवणारा घरातलाच असेल, हात उगारणारा असेल, तर हेर काढल्याक्षणी त्याला ते समजेल. म्हणून आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, आणि तेही वेगळ्या फोनवरून.

दुसरं, फोटो. पीसीवर स्क्रीनशॉट काढू नका, दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेनुसार लावून. टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. विंडोज सिक्युरिटीतली ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी, म्हणजे कुठे बघू नकोस असं कुणी सांगून ठेवलंय ते. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दुरून पीसी चालवायची साधनं तुम्ही टाकलेली नसताना दिसली तर तीही. ती कायदेशीर आहेत, म्हणून अँटिव्हायरस त्यांच्याबद्दल बोलेलच असं नाही. यातलं काहीही उडवू नका. वहीत लिहा : काय दिसलं, कधी दिसलं, त्या दिवसांत पीसी कुणाच्या हातात होता.

तिसरं, डिस्क. प्रकरण गंभीर असेल तर पीसी बंद करा आणि पुन्हा चालू करू नका, कारण नुसतं चालू केलं तरी डिस्कवर नवं काहीतरी लिहिलं जातं. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की बंद करण्याआधीच लिहून घ्या. जुनी डिस्क काढून पाकिटात घाला, वर तारीख आणि सही करा, आणि नव्या डिस्कवर नवं विंडोज टाका. म्हणजे पीसी साफ होतो आणि पुरावाही राहतो. साडेतीनशेत होणार नाही, एका डिस्कचे पैसे जातील. भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात आता हॅश व्हॅल्यूचा रकाना आहे. हॅश म्हणजे त्या डेटाचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. तुमची डिस्क पोलीस ताब्यात घेत असतील, तर पंचनाम्यात हॅश मागा. झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण करणंही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमाने बंधनकारक केलंय.

चौथं, खाती. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. ताईचा लॅपटॉप कोरा झाला तरी नवऱ्याला मेल दिसत राहिल्या, कारण तिच्या जीमेलला रिकव्हरी नंबर त्याचा होता. खातं त्यानेच उघडून दिलं होतं. जून २०२२मध्ये ‘वायर्ड’ने छापलं, की एल्गार खटल्यातल्या तिघांच्या ईमेल खात्यांनाही कुणीतरी दुसरा रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर जोडून ठेवला होता, आणि त्यांचा माग पुणे पोलिसांपर्यंत जातो असं सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीचे संशोधक म्हणतात. साधा नवरा असो की कुठली यंत्रणा, युक्ती तीच : कुलूप बदललं तरी चालेल, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. म्हणून स्वच्छ फोनवरून खात्याच्या सेटिंग्जमध्ये जा. आधी फोटो काढा. मग अनोळखी रिकव्हरी नंबर आणि ईमेल काढा, जोडलेली उपकरणं बाहेर काढा, मेल आपोआप कुठे फॉरवर्ड होतेय का ते बघा, व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेस तपासा. पासवर्ड त्यानंतर बदला.

*

एवढं सगळं एकट्या माणसाने करायचं? हा राग रास्त आहे, आणि माझाही तोच आहे. सरकारने २०१७मध्ये सायबर स्वच्छता केंद्र काढलं. तिथे पीसी साफ करायची साधनं फुकट मिळतात, चांगली गोष्ट आहे. पण नाव बघा. पुन्हा स्वच्छताच. केरसुणी तुमच्या हातात, केर कुणी केला ते विचारू नका.

आणि विचारलं तर काय होतं तेही आपण पाहिलं. पेगाससच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. लोकांनी आपले फोन आणून दिले. २५ ऑगस्ट २०२२ला न्यायालयात सांगितलं गेलं : २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर आढळलं, ते पेगासस होतं असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही. पाच फोनांत मालवेअर होतं, तर ते कुणी टाकलं? हा प्रश्न तिथेच राहिला. याला मी देशपातळीवरचा फॉर्मॅट म्हणतो.

त्या समितीपुढे निदान २९ फोन तरी होते. प्रश्न विचारायला आधी वस्तू शिल्लक लागते. ती शिल्लक ठेवणं आपल्या हातात आहे, आणि गावागावातल्या रिपेअरिंगच्या दुकानांत बसलेल्या पोरांच्या हातात तर सगळ्यात जास्त. नाशिकची फॉरेन्सिक प्रयोगशाळा येवल्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे, पण संशयाचा पीसी आधी तिथे जात नाही. तो विंचूर चौफुलीला येतो. पहिला पंच तो पोरगा असतो, आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता कुणी पीसी घेऊन आलं की मी आधी विचारतो, ‘‘तुमच्याशिवाय याला हात कोण लावतं?’’ बरेच जण हसतात. काही जण गप्प होतात. जे गप्प होतात त्यांना मी बसवून घेतो, आणि वही काढतो. वहीत वर तारीख असते.

ताईच्या लॅपटॉपवरची तारीख मला अजून आठवलेली नाही.